ईएलसीबी सारखा पडतोय. घरातलं कुठलं उपकरण गळतंय ते कसं शोधायचं?

जांभाचिरा, १६ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

चिपळूणजवळच्या गावात आमचं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पडवीला पत्रा. चार वर्षांपूर्वी सगळं वायरिंग नवीन केलं तेव्हा आग्रह धरून ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरवाला ईएलसीबी बसवून घेतला. (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा खटका. खरं नाव आरसीसीबी, पण इकडे दुकानदारापासून वायरमनपर्यंत सगळे ईएलसीबीच म्हणतात.) चार वर्षं त्याने अजिबात त्रास दिला नाही. यंदा मिरगाचा पाऊस लागला आणि तो पडायला लागला. कधी पहाटे, कधी संध्याकाळी. परत वर केला की दिवसभर शांत, आणि रात्री सगळे जेवायला बसलो की पुन्हा काळोख.

तेवढ्यावर असतं तर सहन केलं असतं. पण परवा आई न्हाणीघरात धुतलेले कपडे बाहेर काढायला गेली आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या म्हणाली. आई ७१ वर्षांची, घरात कायम अनवाणी, आणि त्या फरशीवर पावसाळाभर ओल असते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

वायरमनला बोलावलं. त्याने पाच मिनिटं इकडेतिकडे टेस्टर लावला आणि म्हणाला, "पावसाळ्यात हे असंच पडतं, काढून डायरेक्ट करून देतो." मी नको म्हटलं. गावात निम्म्या घरांत असाच डायरेक्ट केलेला आहे, हे त्यानेच सांगितलं.

माझ्याकडे एक साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो वापरण्यापुरतं समजतं. प्रत्येक उपकरण घरच्या घरी तपासून कोण गळतंय ते शोधता येईल का? कुठून सुरुवात करू? घरात फ्रिज, हीटर असलेलं फ्रंट लोड मशीन, २ किलोवॅटचा गिझर, मिक्सर, मुलीचा कॉम्प्युटर आणि विहिरीवर १ एचपीचा पंप आहे.

सोल्डरगन, १६ जून, रात्री १०.०५

आधी एक सोपी गोष्ट करा. सगळ्या वस्तूंचे प्लग काढा. बटण बंद करणं वेगळं आणि प्लग काढणं वेगळं, हे लक्षात ठेवा. बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. मग ईएलसीबी वर करा. टिकला तर एकेक प्लग लावत जा आणि प्रत्येकानंतर थोडा वेळ द्या. काहीच लावलेलं नसताना पडला तर दोष वायरिंगमध्ये.

मी कोल्हापुरात घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन अशा तक्रारी येतात. आणि वायरमनला नको म्हणालात हे फार चांगलं केलंत.

जुना फोरमन, १६ जून, रात्री ११.२०

जांभाचिरा, सर्वांत आधी आईंना सांगा की हा प्रश्न सुटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मशीनचा प्लग काढून ठेवा. बाकीचं त्यानंतर.

मी एका कारखान्यात ३४ वर्षं विद्युत देखभालीत होतो. जरा सविस्तर लिहितो, कारण ईएलसीबी काय मोजतो हे कळलं की शोधणं सोपं जातं.

त्याच्या पोटात लोखंडी कडं असतं आणि फेज, न्यूट्रल दोन्ही त्या कड्यातून जातात. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. काही भाग दुसऱ्या वाटेने गेला, म्हणजे उपकरणाच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून, तर हिशेब जुळत नाही आणि तो खटका पाडतो. आयएस १२६४० या मानकाप्रमाणे ३० चा ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला पडलाच पाहिजे आणि १५ च्या आत पडता कामा नये. मधे कुठेही पडू शकतो. ३० ला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद, आणि गळती पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांच्या आत.

आता दुसरी बाजू. थोडी गळती निरोगी उपकरणातही असते. मशीन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी यांच्यात विजेतल्या नको त्या लहरी गाळण्यासाठी फेजपासून अर्थपर्यंत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टला साधारण ०.३४ मिलिअँपिअर अर्थमध्ये जातो. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. दुसरी गळती इन्सुलेशन खराब झाल्याची: ओल, गंज, करपलेली वायर, चीर गेलेलं हीटरचं एलिमेंट. पावसाळ्यात वाढते ती ही. घरभरच्या लहान गळत्यांची बेरीज ९ मिलिअँपिअरच्या आत, म्हणजे ३० च्या तीस टक्क्यांत राहावी असा आमचा हिशेब असे. ती त्याच्या पुढे गेली की कुठल्याही किरकोळ कारणाने खटका पडतो, आणि माणसं त्यालाच वैतागून डायरेक्ट करतात.

मल्टिमीटरने असं तपासा. प्लग पूर्ण बाहेर. मीटर सर्वांत मोठ्या मेगओहमच्या रेंजवर. एक प्रोब प्लगच्या जाड, लांब पिनेला (ती अर्थ), दुसरा आधी फेजच्या आणि मग न्यूट्रलच्या पिनेला. उपकरणाचं स्वतःचं बटण चालू स्थितीत ठेवा, नाहीतर बटणापर्यंतचीच वायर तपासली जाईल. मीटरने अंत नाही असं दाखवलं, म्हणजे अर्थपर्यंत वाटच नाही, तर ठीक. मग ओहमच्या छोट्या रेंजवर अर्थ पिन ते उपकरणाचा उघडा धातू. इथे उलट, एक ओहमच्या आत यायला हवं. रंगावर प्रोब टेकवू नका, स्क्रूवर टेकवा.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टवर मोजतो. इन्सुलेशन त्यावर तग धरतं आणि २३० ला हार मानतं, असं पुष्कळदा होतं. त्यासाठी ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र लागतं. मेगरवर १ मेगओहमच्या वर हवं. हीटरवाल्या वस्तूत थोडं कमी चालतं. मेगर लावताना फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधा आणि त्या जोडीपासून अर्थपर्यंत मोजा. फेज ते न्यूट्रल मेगर कधीही लावू नका, आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जाईल.

चालू उपकरणाचा पत्रा आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून प्रवाह मोजायचा प्रयोग करू नका. पत्र्यावर खरंच पूर्ण फेज आला असेल तर मीटर फुटतो आणि तो तुमच्या हातात असतो.

तुळशीवृंदावन, १७ जून, सकाळी ७.५५

काका, एक शंका. माझ्या लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवलं की खरखर लागतं. टेस्टरही पेटतो. मीटरवर १०० व्होल्टच्या आसपास दिसले. अडॅप्टर नवा, मूळ कंपनीचा आहे. मुलगा त्यावर अभ्यास करतो म्हणून काळजी वाटते.

जुना फोरमन, १७ जून, सकाळी ८.३०

ताई, अडॅप्टर दोन पिनांचा असणार. आतला कपॅसिटर लॅपटॉपच्या पाठीला थोडासा फेजकडे ओढतो. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून त्याला शंभर व्होल्ट दिसतात. हात लागला की ते व्होल्ट कोसळतात, कारण मागे प्रवाहाचा जोर नाही. अशा दोन पिनांच्या उपकरणाला पाव मिलिअँपिअरच्या आसपासची मर्यादा असते, आणि माणसाला जाणवायला लागतं ते साधारण अर्ध्यापासून. बोट हलकं फिरवलं तर त्याच्या आतही खरखर कळते. तीन पिनांची कॉर्ड मिळत असेल तर ती लावा, खरखर जाईल.

टेस्टरबद्दल सगळ्यांसाठीच लिहितो. त्याचा निऑन दिवा मिलिअँपिअरच्या अगदी छोट्या अंशावर पेटतो, म्हणून निरुपद्रवी गळतीवरही पेटतो. आणि तुम्ही लाकडी स्टुलावर उभे असाल तर खरा फेज असतानाही मंद पेटेल किंवा पेटणारच नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून पत्रा सुरक्षित, असं कधी धरू नका.

संत्रानगरी, १७ जून, दुपारी १.१५

नागपूरहून लिहिते आहे. आमच्याकडे हा विषय पावसाळ्याचा नाही, उन्हाळ्याचा. कूलरचा.

पत्र्याचा कूलर, खाली पाण्याची टाकी, त्यात बुडालेला पंप, आणि पंपाच्या वायरीचा जोड साध्या टेपने गुंडाळलेला. पंपाचा प्लग दोन पिनांचा. कूलरच्या पत्र्याला अर्थ असेलच असं नाही. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, खालची जमीन पाणी सांडून ओली. दरवर्षी विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. त्यातही पाणी भरायला गेलेली बाई किंवा खेळताना हात लागलेलं मूल. माझ्या सासऱ्यांचा हात तीन वर्षांपूर्वी असाच चिकटला होता. दिराने लाकडी काठीने प्लग उडवला म्हणून ते वाचले. त्या महिन्यात आम्ही ईएलसीबी बसवला.

मी जे शिकले ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये माळ्यावरून कूलर काढला, मल्टिमीटरने तपासला, मीटर अंत नाही म्हणाला. निर्धास्त झाले. मग मनात आलं की हा तर आत्ता कोरडा आहे. टाकी भरली, पंप बुडाला, अर्धा तास थांबले आणि प्लग न लावताच पुन्हा मोजलं. ६० किलोओहम! वस्तू ज्या अवस्थेत वापरतो त्याच अवस्थेत तपासायला हवी. २३० ला ६० हजाराने भागलं तर ३.८ मिलिअँपिअर येतो. ईएलसीबी एवढ्याला पडला नसता, पण ओल्या हाताला चांगलाच झटका बसला असता. पंप बदलला, जोड पाण्याबाहेर आणला, पत्र्याला स्क्रूने अर्थची वायर जोडली. आता दर मार्चमध्ये हे करते.

सोल्डरगन, १७ जून, दुपारी २.००

संत्रानगरी ताई, ओल्या अवस्थेत मोजायचा मुद्दा सोन्यासारखा आहे. माझ्याकडे मिक्सर येतात तेही कोरडे असताना ठीक दाखवतात. ताक सांडलं, मोटरमध्ये उतरलं, की चित्र बदलतं.

तारेवरचा_पक्षी, १७ जून, सायंकाळी ६.१०

मला हे सगळं जरा अति वाटतं. आमच्या घरी २२ वर्षांत ईएलसीबी नाही. उत्तम अर्थिंग आहे, कोळसा-मीठ घालून केलेलं, आणि चांगल्या कंपनीच्या एमसीबी (प्रवाह फार वाढला की पडणारे खटके) आहेत. फेज पत्र्याला लागला तर एमसीबी पडेल. फारच वाटलं तर १०० मिलिअँपिअरचा ईएलसीबी लावा, तो उगाच पडत नाही.

जुना फोरमन, १७ जून, रात्री ८.४५

तुमचं अर्थिंग चांगलं आहे हे मान्य करून आकडे मांडतो. घरचं अर्थिंग ८ ओहम धरू, ट्रान्सफॉर्मरकडचं आणि तारांचं मिळून २. एकूण १०. गिझरच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहील. एमसीबी आहे १६ चा. २३ म्हणजे त्याच्या १.४४ पट. मानक असं सांगतं की १.४५ पटीला एमसीबीने तासाभरात पडावं. म्हणजे २३ अँपिअरला तो तासभरसुद्धा न पडता उभा राहू शकतो, आणि तेवढा वेळ गिझरच्या पत्र्यावर, नळावर १८४ व्होल्ट. आठ ओहम हे वाईट अर्थिंग नाही. जांभ्यात एवढंही मिळवायला घाम गाळावा लागतो. काळ्या मातीत पावसाळ्यात मिळतं, पण उन्हाळ्यात तीच माती भेगाळून सळईपासून सुटते.

ईएलसीबीला याच्या शंभरपट वाईट अर्थिंग पुरतं. पत्र्यावर ५० व्होल्ट चढायच्या आत ३० मिलिअँपिअर वाहायला हवेत, म्हणून ५० भागिले ०.०३, म्हणजे १६६७ ओहमपर्यंतचं अर्थिंगही चालतं. कोकणात याचं मोल फार आहे.

१०० चा ईएलसीबी आग टाळायला चांगला, माणसासाठी नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिल यांनी स्वयंसेवकांवर मोजून काढलं होतं की हातातली तार स्वतःहून सोडता येते ती सरासरी मर्यादा पुरुषांत १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साडेदहा. त्याच्या वर स्नायू आवळतात आणि हात चिकटतो. संत्रानगरी ताईंच्या सासऱ्यांचं जे झालं ते हेच. याच डॅल्झिल यांनी १९६१ मध्ये ५ मिलिअँपिअरला तुटणारं उपकरण बनवलं आणि अमेरिकेत घरांत आजही ५ चंच वापरतात. आपण ३० वर आहोत. १०० वर जायचं म्हणजे आईंना ९० मिलिअँपिअर बसला तरी खटका शांत राहू शकेल.

तारेवरचा_पक्षी, १७ जून, रात्री ९.३०

हा १.४५ पटीचा हिशेब मला माहीत नव्हता. एमसीबी लगेच पडतो असंच धरून चाललो होतो. ३० चा बसवून घेतो. कुठल्या प्रकारचा घ्यावा?

जुना फोरमन, १७ जून, रात्री ९.५०

ए टाइप मागा. एसी टाइप स्वस्त असतो, पण इन्व्हर्टरवालं मशीन किंवा एअर कंडिशनर बिघडला की गळतीचा आकार बदलतो आणि एसी टाइपला ती नीट दिसत नाही. बसवल्यावर महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. त्या बटणाने ईएलसीबी जिवंत आहे एवढंच कळतं. अर्थिंग तुटलेलं असेल तरी बटण दाबल्यावर तो पडतोच.

राईनकाठ, १८ जून, पहाटे १.२०

जर्मनीत कोलोनला असतो. इथे कामाच्या ठिकाणच्या प्रत्येक विजेच्या वस्तूची ठराविक काळाने तपासणी होते, अगदी कॉफीच्या किटलीचीसुद्धा, आणि वस्तूवर पुढच्या तारखेचा स्टिकर लागतो. घरगुती वापराला सक्ती नाही. मी आमच्या वर्कशॉपमध्ये हे काम केलंय, म्हणून क्रम सांगतो.

पहिलं डोळ्यांनी बघणं. कॉर्ड, प्लग, करपल्याचे डाग, पाण्याचे ओघळ. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक नापास वस्तू इथेच सापडतात. मग अर्थ पिन ते पत्रा: ५ मीटरपर्यंतच्या कॉर्डला ०.३ ओहमच्या आत. त्यात पास झाली तरच पुढे इन्सुलेशन, ५०० व्होल्टवर १ मेगओहम, एलिमेंट असलेल्या वस्तूंना ०.३. आणि शेवटी वस्तू चालवून गळती, अर्थच्या वायरीतून ३.५ मिलिअँपिअरच्या आत, दोन पिनांच्या वस्तूच्या उघड्या धातूवर अर्ध्याच्या आत. हा क्रम मोडायचा नाही, कारण अर्थ तुटलेली वस्तू चालू करून मोजणं म्हणजे मोजणाऱ्यालाच धोका.

लीकेज क्लॅम्प मीटर मिळाला तर फारच छान. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात धरायचे, दिसतो तो फरक म्हणजे गळती. काही कापावं-जोडावं लागत नाही. मात्र साधा क्लॅम्प नको, त्याची शेवटची पायरी बहुतेक १० मिलिअँपिअरची असते. आपल्याला मिलिअँपिअरच्या दहाव्या भागापर्यंत दिसायला हवं.

जांभाचिरा, १९ जून, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लावून सगळं मोजलं, पण सापडलं काहीच नाही.

फेज पिन ते अर्थ पिन: फ्रिज, मशीन, कॉम्प्युटर, गिझर सगळ्यांवर मीटर अंत नाही म्हणतो. मिक्सर दोन पिनांचा आहे. पंपाचं ६ मेगओहमच्या आसपास. मशीनचा पत्रा ते त्याची अर्थ पिन ०.४ ओहम, म्हणजे तेही ठीक असावं.

मग सोल्डरगन यांनी सांगितलं तसं सगळे प्लग काढून पाहिलं. ईएलसीबी टिकला. पंप एकटा चालवला, टिकला. सगळं परत लावलं, रात्रभर टिकला. पहाटे पंप सुरू केला आणि दोन मिनिटांत पडला. त्या वेळी गिझर, मशीन सगळ्यांची बटणं बंद होती. मागचे प्रसंग आठवले तर पहाटे आणि संध्याकाळीच पंप चालतो. म्हणजे पंपच का? पण मग एकटा चालवला तेव्हा का नाही पडला?

सोल्डरगन, १९ जून, रात्री ९.४०

बटणं बंद होती, प्लग लावलेले होते. न्यूट्रल!

जुना फोरमन, १९ जून, रात्री १०.१०

सोल्डरगन बरोबर बोलतायत. तुम्ही सगळीकडे फेज पिन ते अर्थ मोजलंत, न्यूट्रल पिन ते अर्थ मोजल्याचं दिसत नाही. आणि एक विचारतो: गिझर मोजला तेव्हा पाणी तापलेलं होतं का?

कुठल्यातरी उपकरणात न्यूट्रल पत्र्याला टेकला असेल तर बटण बंद असूनही तो अर्थशी जोडलेला राहतो. घरात काही विशेष चालू नसताना न्यूट्रल आणि जमीन यांच्यात फारसे व्होल्ट नसतात, म्हणून काही होत नाही. पंपासारखा मोठा लोड सुरू झाला की न्यूट्रल दोन-चार व्होल्टने वर उचलला जातो, गावच्या लांब लाइनवर तर जास्तच. मग पंपाचा परतीचा थोडा प्रवाह त्या टेकलेल्या जागेतून जमिनीत पळतो. पंप निर्दोष, पण खटका मात्र पंप लावल्यावर पडतो. या दोषाने मी चांगले चांगले वायरमन दोन-दोन दिवस फिरताना पाहिलेत.

मूळभाट, १९ जून, रात्री १०.५०

मडगावहून. आमच्याकडे इन्व्हर्टर बसवल्यापासून ईएलसीबी टिकतच नाही. तोही न्यूट्रलचाच प्रकार का?

सोल्डरगन, १९ जून, रात्री ११.०५

बहुतेक तोच. इन्व्हर्टरच्या लाइनचा फेज एका बाजूने आणि न्यूट्रल घरच्या जुन्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असणार. जो फेज ईएलसीबीतून गेला त्याचा न्यूट्रल त्याच ईएलसीबीतून परत यायला हवा. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचे न्यूट्रल वेगळे काढून घ्या. उपकरणं तपासण्यात वेळ घालवू नका.

जांभाचिरा, २० जून, दुपारी १२.३०

सापडलं!

हो, फोरमन काका, गिझर मोजला तेव्हा नुकती अंघोळ झाली होती, पाणी कडकडीत होतं. पाणी तापल्यामुळे थर्मोस्टॅटने आतली वाट तोडलेली होती, म्हणून फेजच्या पिनेवरून आत काही पोचतच नव्हतं. आज सकाळी गार असताना प्लग काढून मोजलं. न्यूट्रल ते अर्थ १४० ओहम. फेज ते अर्थ १६६. मधला २६ चा फरक एलिमेंटचा. २ किलोवॅटचं एलिमेंट २६ ओहमच्या आसपासच येतं, हे हिशेब करून पाहिलं आणि अंगावर काटा आला. एवढा मोठा दोष, आणि परवा मी त्याला पास करून टाकला होता.

प्लग बाहेर ठेवूनच खालचं झाकण उघडलं. टर्मिनलपाशी न्यूट्रलच्या वायरीचं आवरण करपून काळं झालं होतं आणि आतलं तांबं पत्र्याच्या गंजलेल्या कडेला टेकलं होतं. कडेला ओल. गिझर तूर्त बंद, चुलीवर पाणी.

आता मशीनचं काय ते सांगा. ते तर सगळ्या मापांत पास झालंय, मग आईला झिणझिण्या कशाने आल्या?

जुना फोरमन, २० जून, दुपारी १.४०

शाब्बास. १६६ वजा १४० तुम्ही स्वतः मांडलंत, हे फार आवडलं.

मशीन निर्दोष असेल तर सॉकेट बघायचं. मशीनमधल्या कपॅसिटरची गळती अर्थच्या वायरीने निघून जाते म्हणून पत्रा थंड राहतो. सॉकेटमध्येच अर्थ नसेल तर तीच गळती पत्र्यावर साचून राहते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. अनवाणी, ओली फरशी, म्हणजे चांगलीच जाणवणार. आज ती अर्ध्या-एक मिलिअँपिअरची असेल. उद्या आतल्या हीटरचं एलिमेंट चिरलं तर पत्र्यावर पूर्ण फेज, अर्थची वाट बंद, आणि आईंच्या आणि त्या प्रवाहाच्या मध्ये फक्त तो ईएलसीबी, जो तुमचा वायरमन काढायला निघाला होता.

सॉकेट मात्र तुम्ही उघडू नका. परवानाधारक माणूस बोलवा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही व्होल्ट त्याला मोजायला सांगा, जवळपास सारखे यायला हवेत.

जांभाचिरा, २३ जून, रात्री ८.५०

आमच्या ओळखीचे एक सर आयटीआयमध्ये शिकवतात. ते काल मेगर आणि लीकेज क्लॅम्प घेऊन स्वतः आले. न्हाणीघराच्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, फेज-अर्थ ४१. मेन बंद करून बोर्ड उघडला तर अर्थची हिरवी वायर टर्मिनलमधून सुटलेली, टोकाला तांब्यावर हिरवट पूड चढलेली. भिंतीतून पाझर आहे तिथे. नवं टोक सोलून घट्ट बसवलं, आता २३५. बोर्ड पाझरापासून दूर दुसऱ्या भिंतीवर हलवायचं ठरलंय.

गिझरची करपलेली वायर बदलली. मेगरवर एलिमेंट आधी ०.४ मेगओहम दाखवत होतं. सर म्हणाले, एलिमेंटच्या नळीतली पूड ओल धरते, थोडा वेळ तापू द्या. टाकी भरून दोन तास चालवला आणि पुन्हा मोजलं तर ३ च्या वर गेलं. क्लॅम्पवर मशीन १.१, कॉम्प्युटर ०.६, पंप ०.५, गिझर ०.१. फ्रिजसकट सगळं घर चालू असताना मेनवर २.३ मिलिअँपिअर. फ्रिजची गळती मिळवली तर बेरीज तंतोतंत येत नाही, कारण कपॅसिटरची आणि ओलीची गळती सरळ मिळवता येत नाही, असं सरांनी समजावलं. हे आकडे तारखेसह कागदावर लिहून डीबीच्या (खटक्यांच्या पेटीच्या) झाकणाच्या आत चिकटवलेत.

जुना फोरमन, २३ जून, रात्री ९.३०

२.३ फार छान. एकच राहिलं. वायर आपोआप करपत नाही. टर्मिनलचा स्क्रू सैल होता का, आणि वायर किती चौरस मिलिमीटरची होती?

जांभाचिरा, २३ जून, रात्री ९.५५

स्क्रू सैलच होता, बोटाने फिरत होता. वायर दीडची होती, आता अडीचची टाकली आणि टोकाला लग दाबून बसवला. उद्या शेजारच्या काकूंकडे जातोय मीटर घेऊन. त्यांचा ईएलसीबी गेल्या पावसात डायरेक्ट केलेला आहे, आणि त्यांचाही गिझर आमच्याच वेळचा.